वाफसा येऊ दे

न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या आमच्या घराची चावी दिली त्या दिवशी मागच्या अंगणात पिओनीच्या कळ्या टपोरल्या होत्या आणि त्यांच्यावर मुंग्यांची ये-जा चालू होती. आणखी आठ-दहा दिवसांत फुलल्या असत्या. ही बाई लावल्यावर पहिली तीन वर्षं नुसती पानं दाखवत बसली होती. नंतर मात्र दर मे अखेरीस वाडग्याएवढी फुलं. सामान नेणाऱ्यांनी कुंड्या घ्यायला साफ नकार दिला. शेजारच्या गुजराती काकूंकडे तुळस सोपवली आणि निघालो.

नवऱ्याची नोकरी, म्हणून टेक्सास. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को. पिओनी विसर, मैत्रिणी म्हणाल्या, तिला तिथली थंडी पुरत नाही. ट्युलिपचे कंदसुद्धा इथं लोक दीड-दोन महिने फ्रिजमध्ये ठेवतात, तेही सफरचंदांपासून लांब, कारण सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं कंदातली कळी मरते. आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीलाच जागा नसते, त्यामुळे तो विषय संपला.

पहिला पाऊस पडला तशी फावडं घेऊन उतरले. माती काळी कुळकुळीत, बुटांना किलोकिलोनं चिकटणारी. तरी दुपारभर खणून वाफा केला. आठवड्यात त्याच्या विटा झाल्या, बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. झेंडूचं एक बी उगवलं नाही.

बाबांना फोटो पाठवला. ते दर्यापूरकडचे, सगळा जन्म कपाशी-तुरीत गेलेला. फोनवर हसायलाच लागले. "अवं, वल्ल्या काळ्या मातीत फावडं घालते काय कोनी? वाफसा येऊ दे मंग."

वाफसा! लहानपणी रोज कानावर पडणारा शब्द. पावसानंतर बाबा मूठभर माती दाबून बघायचे; गोळा झाला आणि बोटाच्या धक्क्यानं फुटला, की जमीन तयार. एडिसनमध्ये पानांचं खत घालून घालून भुसभुशीत केलेल्या मातीत बारा वर्षांत हा शब्द एकदाही आठवला नव्हता. इथल्या या काळ्या पट्ट्याला 'ब्लॅकलँड प्रेअरी' म्हणतात, आणि इथंही पूर्वी कापूसच पिकायचा. माती इतकी फुगते-आकसते की उन्हाळ्यात लोक घराच्या पायाला पाणी घालतात. खरंच! भिंतीपासून फूट-दीड फुटावर झिरपणारी नळी टाकून ठेवायची, नाहीतर पाया हलून भिंतींना तडे. आईला वाटलं मी थट्टा करतेय.

मग वाफसा साधून, कंपोस्ट मिसळून वीतभर उंच वाफे केले. नर्सरीतून निळी हायड्रेंजिया आणली, ती दुसऱ्या वर्षी गुलाबी फुलली. चुनखडीच्या जमिनीत झाडाला ॲल्युमिनियम घेता येत नाही, मग निळा रंग जातो. लेक म्हणाली, औषध घालून निळी करू. करता येते, पण मला तो उद्योग नको होता.

आणि उन्हाळाभर रस्तोरस्ती फुलणारं क्रेप मर्टल! त्या चुरगळलेल्या पाकळ्या कुठंतरी पाहिल्यासारख्या वाटत होत्या. शोधलं तर ते ताम्हणाच्याच वंशातलं निघालं, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यपुष्पाचं चुलत भावंड. एक दाराशी लावलंय.

मोगरा कुंडीतच आहे, हिवाळ्यात गॅरेजमध्ये मुक्कामाला जातो. काल त्याला पाच कळ्या मोजल्या आणि बाबांना फोटो पाठवला. कळ्यांबद्दल चकार शब्द नाही. "मांगं जमिनीले भेगा दिसून राह्यल्या," म्हणाले. "पानी देत नाही काय?"