खतना झालेल्या स्त्रीचं बाळंतपण: पुढची शिवण आधी बघा

गरोदरपणात नाव नोंदवताना वजन, रक्तदाब, रक्तगट सगळं विचारतात. खतन्याबद्दल, म्हणजे लहानपणी बाहेरचं जननेंद्रिय कापलं किंवा शिवलं होतं का याबद्दल, मात्र कुणी विचारत नाही. मग ऐन कळांत नर्स लघवीची नळी घालायला जाते आणि मूत्रमार्गाचं तोंडच सापडत नाही. तिचा गोंधळ त्या बाईला दिसतो आणि ती आणखी आक्रसते.

प्रश्न पहिल्याच भेटीत, साध्या शब्दांत विचारावा: "लहानपणी तुमच्या खालच्या भागावर काही कापलं किंवा शिवलं होतं का?" ती स्वतः त्याला जो शब्द वापरते तोच आपणही वापरावा. नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी करू नये. तिसरी व्यक्ती हवी, शक्यतो बाईच. नेमकं काय कापलं हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, म्हणून तिच्या संमतीने बघावं लागतं. पण एकदाच. केसपेपरवर छोटी आकृती काढून ठेवली की दर भेटीला तिला टेबलावर झोपवावं लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात स्त्रियांच्या खतन्याचे चार प्रकार आहेत. बाळंतपणात सर्वांत जास्त अडतं ते तिसऱ्या प्रकारात. त्यात भगोष्ठांच्या, म्हणजे योनीमुखाच्या दोन्ही बाजूंच्या ओठांसारख्या घड्यांच्या, कडा एकमेकींना जोडून योनीमुखावर कातडीचा पडदा तयार होतो आणि मागे लहानसं भोक उरतं. लघवी आणि पाळी, दोन्ही त्यातूनच. मूत्रमार्गाचं तोंड दिसत असेल किंवा दोन बोटं न दुखता आत जात असतील, तर प्रसूतीत या पडद्याची अडचण सहसा येत नाही. नाहीतर तो उघडावा लागतो.

कधी उघडायचा? गरोदरपणात किंवा कळा सुरू झाल्यावर, दोन्ही चालतं. माझा कौल २० आठवड्यांच्या आसपासच्या काळाला आहे. जखम भरायला वेळ मिळतो, आणि रात्री अडीच वाजता ड्युटीवर असलेल्याने हे कधी केलेलंच नाही, अशी वेळ येत नाही.

पडद्याखाली बोट किंवा डायलेटर (बोथट टोकाची सळई) सरकवून तो उचलून धरायचा. व्रणाच्या रेषेत जागा बधिर करणारं लिग्नोकेन द्यायचं आणि भूल चढेपर्यंत थांबायचं. घाईत कापलं तर लहानपणीची ती वेदना तिच्या अंगात पुन्हा जागी होते. मग कात्रीने मधोमध, खालून वर कापत जायचं आणि मूत्रमार्गाचं तोंड दिसलं की थांबायचं. व्रणाखाली शिश्निका (क्लिटोरिस) बरेचदा शाबूत असते. मूत्रमार्गाच्या तोंडाच्या वर कात्री गेली तर भरपूर रक्त जातं. दोन्ही बाजूंच्या कडा वेगवेगळ्या, विरघळणाऱ्या बारीक धाग्याने शिवायच्या. तशाच सोडल्या तर पुन्हा चिकटू शकतात.

प्रसूतीच्या टेबलावर होणारी चूक अशी: अडथळा पुढे असताना बाजूला मोठी एपिझिओटॉमी (वाट रुंद करायला योनीमुखाच्या खालच्या भागाला दिलेला छेद) घेतली जाते आणि पुढचा व्रण तसाच राहतो. डोकं खाली आलं की तो वाटेल तसा फाटतो, कधी मूत्रमार्गापर्यंत. आधी पुढे उघडा. त्यानंतरही खालचा भाग ताणत नसेल, तरच एपिझिओटॉमी.

नुसता खतना हे सिझेरियनचं कारण नाही. मात्र २००६ साली आफ्रिकेतल्या सहा देशांतल्या २८,००० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खतना झालेल्या स्त्रियांमध्ये प्रसूतीनंतरचा रक्तस्राव जास्त आढळला आणि अधिक बाळांना श्वासासाठी मदत लागली. म्हणून रक्तस्रावाची आणि बाळाची तयारी आधीच हाताशी ठेवावी.

उघडल्यानंतर लघवीची धार बदलते. थेंबाथेंबाने, कितीतरी मिनिटं चालणारी लघवी आता जोरात, आवाज करत होते. आधी सांगितलं नसेल तर काहीतरी बिघडलं असं वाटून बाई घाबरते. पाळीचं रक्तही मोकळं वाहतं.

"पुन्हा पूर्वीसारखं शिवून द्या," असं ती किंवा घरचे म्हणू शकतात. तसं शिवायचं नाही. अनेक देशांत तो गुन्हा आहे. फाटलेलं शिवायचं, उघडलेलं बंद करायचं नाही. पण हे तिला गरोदरपणातच समजावलेलं असावं, नवऱ्यालाही. मुलगी झाली तर तिचा खतना न करण्याबद्दलचं बोलणंही घरी सोडण्याआधीच व्हायला हवं, आणि काय ठरलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहावं.