न्यूट्रलला गप्प, गिअरमध्ये घरघर

आमच्या होडीचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) घरघरायला लागलं तेव्हा सल्ले भरपूर मिळाले. प्लग बदल, पाण्याचा पंप बदल, कुणी तर इंजिन उघडायलाच सांगितलं. काहीही बदलण्याआधी मला एवढंच बघायचं होतं, की आवाज नेमका कधी येतो आणि कधी थांबतो.

होडी दोन्हीकडून घट्ट बांधून इंजिन पाण्यातच चालू केलं. आउटबोर्ड कोरडं कधीच चालवू नये, पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) बघता बघता खराब होतो. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार जोरदार होती, तेव्हा पंपावरचा संशय कमी झाला. न्यूट्रलमध्ये रेस वाढवली, काही नाही. गिअर टाकला की घरघर. रिव्हर्सलाही तीच.

इथेच खरा धागा हाती लागला. न्यूट्रलमध्ये उभा ड्राइव्हशाफ्ट (इंजिनची ताकद खाली नेणारा दांडा) आणि खालचे गिअर फिरतच असतात. थांबलेला असतो तो फक्त पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट. म्हणजे दोष बहुधा त्याच्याच आसपास. पंखा आतून घसरत असता तर नुसती रेस वाढली असती, होडीने ओढ घेतली नसती. आमची तर चांगली ओढत होती. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक वर इंजिनच्या ब्लॉकवर टेकवलं (वरच्या फिरत्या चाकापासून, फ्लायव्हीलपासून, हात लांब ठेवून), तिथे नेहमीची एकसारखी टकटक होती. टोक खाली इंजिनच्या पायाकडे, गिअर असलेल्या भागाकडे नेलं तशी घरघर स्पष्ट होत गेली.

मग इंजिन बंद केलं, इंजिन बंद पाडणारी सुरक्षा दोरी काढली, प्लगच्या वायरी सोडवल्या आणि पंखा उतरवला. पंख्यामागच्या वॉशरखाली तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला होता. उष्णतेने वितळून त्याचं कडक कडं झालं होतं, नखाने उचकटेना. पात्याने हळूहळू कापून काढल्यावर दिसलं, की त्याने सीलची (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्याची) ओठासारखी कड फाडली होती. गिअरकेसचा (गिअर आणि तेल असलेल्या पेटीचा) खालचा स्क्रू ढिला करताच आधी पाणी आलं आणि मागोमाग दुधाळ तेल.

मिस्त्रींनी पंख्याचा शाफ्ट बोटांनी फिरवला आणि म्हणाले, "तुम्ही हात लावून बघा, खरखर लागतेय की नाही." लागत होती. स्क्रूच्या चुंबकावर मात्र नुसती राखाडी भुकटी होती. ती झिजेची असते, तिला घाबरायचं कारण नाही. चकाकणाऱ्या कपच्या असत्या तर गिअर गेले असते. बेअरिंग काढलं तर त्याच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडलेले.

बेअरिंग, सील आणि ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) नव्या घातल्या. तेल भरण्याआधी मिस्त्रींनी आत हवेचा दाब देऊन गिअरकेस पाण्यात धरली. बुडबुडा आला नाही. तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून भरलं तर आत हवा अडकते. दोन्ही स्क्रूंना वॉशरही नवे हवेत.

काही फेऱ्यांनंतर तेल पुन्हा तपासलं, स्वच्छ होतं. जाळ्यांजवळून येणं झालं की आता मी पंखा काढून तंगूस बघतोच. मंद गतीवर गिअरमध्ये हलकी टकटक अजून येते, पण ती इंजिनच्या तुटक झटक्यांनी गिअर एकमेकांवर आपटल्याची आहे. तिच्यासाठी काही उघडायची गरज नाही.