पोटखराबा

खटाव तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली पोटखराब क्षेत्र 1 हेक्टर 20 आर अशी नोंद आहे. हा तुकडा म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचा माळ. वीतभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण असल्याने तेथे कधी नांगर चालला नाही. जे पिकत नाही ते खराब, हा महसुली हिशेब आहे आणि आकारणीपुरता तो योग्यही असेल. मात्र हवामानबदलाला उत्तर म्हणून ‘पडीक जमिनी हिरव्या करण्याची’ भाषा सुरू झाली, तेव्हा तोच हिशेब जसाच्या तसा उचलला गेला आणि जेथे झाड नाही तेथे काहीच नाही, असे गृहीत धरले गेले. मीही ते गृहीत धरले होते, म्हणून हे लिहीत आहे.

2017 ते 2019 या तीन वर्षांत महाराष्ट्रात 50 कोटी झाडे लावण्याचा संकल्प होता आणि त्यातील 33 कोटींचे उद्दिष्ट एकट्या 2019 च्या पावसाळ्यासाठी होते. त्या उत्साहात आम्ही माळावर यंत्राने तीनशे खड्डे घेतले आणि मिळाली ती रोपे लावली. त्यांत करंज होते, शिसव होता आणि सर्वांत जास्त गिरिपुष्प होते. रोपे देणाऱ्यांनी जमीन पाहिली नव्हती, आणि आम्ही पाहून न पाहिल्यासारखी केली होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाळीसेक रोपे तगली, तीही बहुतेक गिरिपुष्पाची. रोपे मेल्याचे दुःख मला त्या वेळी मोठे वाटले. खड्ड्यांतून उपसलेल्या मुरमाखाली दबलेले गवत पुन्हा उठले नाही आणि त्या ढिगाऱ्यांवर गाजरगवत माजले, हे मात्र ध्यानात यायला आणखी एक पावसाळा जावा लागला.

दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आणि पावसाच्या तोंडाला परतणारे एक वयस्क मेंढपाळ दरवर्षी आमच्या माळावरून जातात. त्यांनी त्या वर्षी खड्ड्यांकडे पाहून एवढेच विचारले होते, “गुरुजी, झाडं लावा की, पण गवताच्या डोक्यावर कशापायी?” मी त्यांना कार्बनवर एक लहानसे व्याख्यान दिले. ते आठवले की अजून ओशाळल्यासारखे होते.

सातारा जिल्हा हा एकाच जिल्ह्यात दोन मुलूख बाळगून आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सरळ रेषेत फार दूर नसलेल्या माण-खटावात तो 500 मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो, कारण सह्याद्री ओलांडून येणारे वारे आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकून आलेले असतात. घाटमाथ्याच्या पावसावर सदाहरित अरण्य उभे राहते. आमच्याकडच्या पावसावर गवत आणि त्यात लांब लांब उभी असलेली हिवर, बोर, बाभूळ, पळस अशी झाडे उभी राहतात. पूर्वी येथे घनदाट जंगल होते आणि माणसाने ते तोडून माळ केला, अशी समजूत सर्रास ऐकू येते. काही डोंगरउतारांबाबत ती खरीही आहे. परंतु आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील गावांची नावे ऐकावीत: पळशी, हिवरे, बोरगाव. जुन्या माणसांनी आपल्या गावाला नाव दिले ते त्यांच्या डोळ्यांसमोरच्या झाडावरून, आणि ही झाडे दाट अरण्याची नसून मोकळ्या, उन्हाच्या माळाची आहेत.

गेल्या श्रावणात मी खुरपे घेऊन दोन ठिकाणी उकरून पाहिले. पहिली जागा जुन्या खड्ड्याच्या कडेची होती. तेथील माती फिकी, दाणेदार वाळूसारखी निघाली आणि मुठीत दाबली तरी लगेच विखुरली. दुसरी जागा दहा पावलांवर, न उकरलेल्या पवन्या गवताच्या ठोंबाशेजारी होती. तेथे खुरपे सहज आत जाईना, कारण केसांसारख्या बारीक मुळांचे जाळे माती घट्ट धरून बसले होते. ढेकूळ फोडले तर आतून गडद तपकिरी, ओलसर निघाले आणि त्याला पहिल्या पावसाचा नव्हे, तर जुन्या उकिरड्याच्या तळाचा वास होता. मुळे मुरमाच्या भेगांतही शिरलेली होती. ती किती खोल गेली होती हे मी मोजू शकलो नाही, कारण माझा हात कोपरापर्यंत गेला आणि मुळे तेथून पुढे चालूच होती.

कार्बनचा हिशेब नेमका येथे आहे. झाड आपला बराचसा कार्बन खोडात आणि फांद्यांत, म्हणजे जमिनीच्या वर ठेवते. बहुवार्षिक गवत तो मुख्यतः मुळांत आणि मुळे कुजून बनलेल्या मातीत ठेवते. दरवर्षी काही मुळे मरतात, त्यांची जागा नवी घेतात आणि मेलेल्या मुळांचा काही भाग मातीच्या बारीक कणांना चिकटून दीर्घकाळ टिकतो. वणवा लागला तर वरचे वाळके गवत जळते, पण खालचा साठा बहुतांशी शाबूत राहतो आणि पहिल्या वळवाला ठोंब पुन्हा फुटते. कोरड्या मुलखात वणवे अटळ असतात, त्यामुळे तिजोरी जमिनीखाली असणे अधिक भरवशाचे. हीच जमीन यंत्राने उलथली की मातीतील सेंद्रिय द्रव्याला हवा लागते, सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कार्बन साठवण्याच्या नावाखाली तीनशे खड्डे घेऊन आम्ही नेमके हेच केले होते.

मग उपाय काय केला, तर फारसे काही केले नाही, आणि हेच त्यातील अवघड काम होते. माळाचे तीन भाग करून एका वेळी एका भागात पूर्ण चराईबंदी ठेवली. कार्तिकात पवन्या आणि डोंगरी गवताचे बी हाताने ओरबाडून गोळा केले आणि पुढच्या मृगाआधी शेणमातीत कालवून फेकले. बांधांवरून मारवेल गवताची ठोंबे आणून उघड्या जागी लावली. पहिल्या वर्षी सगळीकडे कुसळच उगवले, मेंढरांच्या लोकरीत आणि आमच्या धोतरांत अडकणारे. गावात हसे झाले. पण कुसळ हे दमलेल्या माळाचे पहिले पीक आहे. ते उन्हापावसापासून माती झाकते आणि मग त्याच्या आडोशाने चांगली गवते परत येतात. तिसऱ्या पावसाळ्यात वरच्या भागात पवन्या दिसला आणि ओघळीचे पाणी गढूळ येण्याचे कमी झाले.

झाडांना माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळ धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिलेले आणि 1985 साली अभयारण्य झालेले सागरेश्वर पाहिले की उजाड टेकड्यांवर माणूस काय करू शकतो हे कळते. प्रश्न जागेचा आहे. भारताने 2030 पर्यंत वने आणि वृक्षाच्छादन यांद्वारे 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त शोषण्याचे वचन दिले आहे. वचनात शब्द ‘वृक्ष’ असल्यामुळे मोजणीही झाडांचीच होणार, आणि मोकळी दिसणारी जागा म्हणून सर्वांचे बोट माळाकडे वळणार. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, झाडे लावा असे आज कोणी म्हणत नाही, कारण तेथे फुले येतात आणि 2012 साली जागतिक वारशाचा शिक्काही बसला. माणच्या माळावर चंडोल आणि धाविक हे पक्षी अंडी घालतात, लांडगा फिरतो. पण ते पाहायला गाड्यांची रांग लागत नाही.

माझ्या 1 हेक्टर 20 आरमुळे वातावरणाला काही फरक पडणार नाही, आणि गवत वाढवले म्हणून कोळसा जाळण्याची मुभा कोणालाही मिळत नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे. चराईबंदीचा भार मात्र मेंढपाळांवर पडू नये, म्हणून बी झडल्यानंतर मार्गशीर्षात बंद भाग त्यांच्या कळपासाठी खुला करायचा, असे आमचे ठरले आहे. मेंढरांच्या खुरांनी बी मातीत दबते, हे मला त्यांनीच सांगितले. येत्या मृगाआधी जुन्या खड्ड्यांपैकी वरच्या ओळीतले पन्नास बुजवायचे आहेत. मारवेलची ठोंबे ते स्वतः आणणार आहेत.