पाय बघू

वाळूज सोडलं ते आठवतं. पहिल्या पाळीच्या बसगाड्या कंपन्यांकडे निघाल्या होत्या, एका खिडकीतून कुणीतरी हात जोडले. पुढे टेम्पोत मतमाउली, म्हणजे मारियामातेची मूर्ती, मागे आम्ही साठ-सत्तर जण. मग गंगापूरचा मुक्काम, रात्रभर डास, घोगरगावच्या जुन्या मिशनात भरून घेतलेल्या पाण्याच्या बाटल्या, हे सगळं एकात एक मिसळून गेलंय. 8 सप्टेंबरच्या आत तिच्या यात्रेसाठी हरेगाव गाठायचं, एवढंच डोक्यात होतं.

आई ही वाट सतरा वर्षं चालली, अनवाणी. यंदा मार्चमध्ये ती गेली. तिचा राहिलेला नवस माझ्याकडे आला.

रविवार होता, म्हणून जपमाळेत गौरवाची रहस्ये, म्हणजे जपताना मनन करायचे प्रसंग. पहिलंच येशूच्या पुनरुत्थानाचं. दहातल्या चौथ्या 'नमो मरिये'ला टेम्पोवरच्या पोरांनी कर्ण्याचा आवाज वाढवला आणि माझा जप तुटला. दोनदा सांगून झालं होतं. संताप आला. डोळ्यांत पाणीही आलं, पण ते टाचेमुळे. सकाळपासून ठसठसणारा फोड आता चपलेला चिकटत होता. भाद्रपदातलं ऊन, डांबर तापलेलं, दोन्ही बाजूंना कपाशी, सावलीला झाड नाही. मी मागे पडत गेले. कर्णा ऐकू येईनासा झाला तेव्हा बरंच वाटलं.

रस्त्याच्या कडेला एक वस्ती होती. दारात निळा ड्रम, शेजारी शेवगा. ओट्यावर म्हातारी शेंगा फोडत बसली होती. गळ्यात तुळशीची माळ.

"अगं बाई, बस की जरा. पाय बघू."

मी पाय साडीखाली ओढून घेतला. धुळीनं भरलेला, भेगाळलेला पाय कुणाच्या हातात कसा द्यायचा? "राहू द्या आजी," म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. तांब्याभर पाणी आणून ओतलं, पदरानं टिपलं आणि टाच सरळ मांडीवर घेतली. सुई चुलीच्या जाळावर धरली, तिच्यात गोधडीचा पांढरा दोरा ओवला, फोडाच्या या कडेनं घालून त्या कडेनं काढली. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडून कापली. पाणी दोऱ्यावरून थेंबथेंब उतरायला लागलं. वर हळद आणि खोबरेल.

"दोरा वढू नको. आपसूक वाळतंय. पंढरीला जाताना आमचं बी असंच व्हतं. तुम्ही कुठं निघालात?"

"हरेगावला. मतमाउलीला."

"आईकडंच की मग," म्हणाल्या आणि टाच हातात तशीच धरून बसल्या.

तेव्हा मला वॉर्ड आठवला. शेवटच्या आठवड्यात आईचा चेहरा सुजला होता, त्यावर ऑक्सिजनचा मास्क. खाट बदललेली मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चेहरे बघत दोन फेऱ्या मारल्या, तिच्यासमोरून पुढे गेले. ओळखलं ते चादरीबाहेर आलेल्या पायांवरून. वाकडी करंगळी, सतरा वर्षांच्या भेगा.

ईस्टरनंतरची, उठलेल्या येशूची वाचनं ऐकताना मी लहानपणापासून अडायची. मग्दालीया मरियेला तो माळी वाटतो. अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघं त्याच्याबरोबर चालतात, बोलतात, तरी भाकर मोडेपर्यंत ओळखत नाहीत. तिबिर्याच्या काठावर त्याची हाक ऐकूनही होडीतल्या सात जणांना तो कोण ते आधी कळत नाही. इतके दिवस ज्याच्या पंगतीला बसले, त्याचा चेहरा कसा विसरतात? त्या ओट्यावर मला हा प्रश्न उरला नाही. माझ्या जन्मदातीचा चेहरा मला ओळखता आला नव्हता.

आणि लूकच्या शुभवर्तमानात, 24व्या अध्यायात, अम्माऊसच्याच रात्री यरुशलेमेत, घाबरून बसलेल्या शिष्यांना तो चेहरा बघायला सांगत नाही. माझे हात, माझे पाय बघा म्हणतो, मीच आहे. योहान हात आणि कूस सांगतो, पाय दाखवल्याचं लूकच लिहितो. मत्तयमध्ये कबरेवरून धावत निघालेल्या बायका त्याचे पाय धरतात. आपली प्रवचनं, खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाच्या बोटापाशीच थांबतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. गालीलभर चाललेले पाय ते. त्याला उठवलं तेव्हा खिळ्यांच्या खुणा तशाच राहिल्या. त्यानं ते पाय लपवले नाहीत, पुढे केले.

आजींनी चहाला थांब म्हटलं. दोनदा म्हणाल्या. "माणसं पुढं गेली असतील," म्हणून मी उठले. अम्माऊसला त्या दोघांनी गळ घातली, दिवस कलला म्हणाले, आणि पुढे जायच्या बेतात असलेला तो घरात गेला. मला कुणी तेवढंच म्हणत होतं आणि मी चप्पल शोधत होते. त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही.

हरेगावला गर्दी म्हणजे नुसती रेटारेटी. मेणबत्ती लावली, आईचं नाव घेतलं, मिस्सा उभ्यानं झाली. माझ्या पुढच्या बाईनं टाचेवर पाय दिला तेव्हा मी तिच्यावर ओरडले, देवळाच्या अंगणात.

परत पिकअपमधून निघालो तेव्हा रात्र झाली होती. गंगापूरच्या अलीकडे मी ड्रायव्हरदादांना हळू घ्या म्हटलं आणि फाळक्याला धरून उभी राहिले. एक निळा ड्रम दिसला, शेवगा नव्हता. पुढच्या वस्तीवर दोन ड्रम. त्याच्या पुढच्याही दारात ड्रम, आत दिवा, कुणीतरी बाई पाठमोरी.

"हीच का ताई?" दादांनी विचारलं.

मला सांगता येईना.