आठवड्याला तीन डॉलरचा पाहुणा

पाहुणा कसाही चालतो हो, पण डोक्यात योजना घेऊन आलेला पाहुणा म्हणजे कठीण काम. सकाळच्या चहाला योजना, रात्री अंथरूण घालतानाही तीच योजना, आणि आपण हं हं करत बसायचं.

१८५८ च्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला फ्रेडरिक डग्लसच्या घरी असाच एक जण येऊन राहिला, जॉन ब्राऊन. डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेला, ब्राऊन गोरा आणि गुलामगिरी मोडायच्या ध्यासानं पार झपाटलेला. फुकट राहायला तयार नाही, शेवटी आठवड्याला तीन डॉलर ठरले. आणि या पेइंग गेस्टनं खोलीत बसून लिहिलं काय, तर चक्क राज्यघटना! गुलामांना सोडवून डोंगरात न्यायचं आणि तिथे त्यांनी आपला कारभार आपणच चालवायचा, त्याची. डग्लसनं पुढे सरळ लिहून टाकलंय की ऐकून ऐकून कंटाळा आला होता. ब्राऊन फळ्यांवर डोंगरातल्या किल्ल्यांचे नकाशे काढून दाखवायचा, त्यात म्हणे डग्लसपेक्षा त्याच्या पोरांनाच जास्त इंटरेस्ट.

मे महिन्यात कॅनडात चॅटमला बैठक झाली, बहुतेक माणसं काळी, आणि घटना पास झाली. एकूण ४८ कलमं. अध्यक्ष, काँग्रेस, सुप्रीम कोर्ट सगळं आहे, वर शिवीगाळ, दारू, भांडणं बंद, म्हणजे अगदी आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं. पण ४२ वं कलम वाचताना मी थांबलो. ताटातूट झालेल्या कुटुंबांना पुन्हा एकत्र यायला मदत करायची आणि त्यासाठी चौकशीची ऑफिसं उघडायची. नवरा एका मालकाला विकलेला, लेकरं दुसऱ्याला, मग सरकार आलं की पहिलं काम काय, तर माणसं शोधणं. ब्राऊनला वेडा म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत, डोंगरातल्या राज्याचा हिशोब मलाही काही जुळत नाही, पण हे कलम वेड्याचं वाटत नाही बुवा.

ऑक्टोबर १८५९ मध्ये ब्राऊननं व्हर्जिनियात हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर केलेला हल्ला फसला, डिसेंबरात त्याला फाशी. हल्ल्याची बातमी आली तेव्हा डग्लस फिलाडेल्फियात होता, त्यानं घाईघाईनं रॉचेस्टरला तार केली की माझ्या डेस्कमधले महत्त्वाचे कागद सांभाळायला लुईसला सांगा. लुईस म्हणजे मुलगा. त्या डेस्कमध्ये पाहुण्याच्या हातची घटना होती, सापडली असती तर यजमानाच्याही गळ्याशी आलं असतं. डग्लसला आधी कॅनडा आणि मग इंग्लंड गाठावं लागलं, पण ती प्रत काही त्यानं फेकली नाही.