कॅमेऱ्याशी मतभेद

नव्या डीएसएलआरने, म्हणजे आरशावाल्या डिजिटल कॅमेऱ्याने, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहा. फ्रेममध्ये दुसरं काही नको, नुसती भिंत. ती राखाडी येते. मग काळ्या मांजराला अगदी जवळून टिपा. तेही राखाडीच! नवशिक्याला वाटतं, काहीतरी सेटिंग बिघडलं किंवा लेन्सच हलकी निघाली. तसं काही नसतं.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला एवढंच कळतं, की समोरून किती उजेड येतोय. तो अंधुक खोलीतल्या भिंतीवरून येतोय की उन्हात बसलेल्या मांजरावरून, हे कळायला त्याला मार्ग नाही. म्हणून तो धरून चालतो, की जग सरासरीने मध्यम राखाडी आहे, पडलेल्या उजेडापैकी १८ टक्क्यांच्या आसपास परत पाठवणारं. पेपर न वाचता सरसकट सगळ्यांना मधले मार्क देऊन मोकळा होणारा परीक्षकच तो. हल्लीचे मीटर दृश्याचे भाग पाडून पुष्कळ हुशारी दाखवतात, पण अख्खी फ्रेमच पांढरी असली की त्यांचंही फारसं चालत नाही.

माझ्या मते पहिला धडा हा असावा. शिकवणारे मात्र सुरुवात करतात ती त्या सुप्रसिद्ध त्रिकोणापासून: अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक), शटर (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते ठरवणारा पडदा), आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता). मग अ‍ॅपर्चरच्या आकड्यांची १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही माळ बघून माणूस निमूटपणे डायल ऑटोवर नेऊन ठेवतो. त्यात आकडा मोठा तर भोक लहान! खरं तर हा साधा भागाकार आहे: लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरना, त्या आकड्याने भागायचं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक, एफ/१६ म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरचं. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यासाला साधारण १.४ने भागावं लागतं, म्हणून ते विचित्र आकडे. पुढच्या प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. शटरचं तेच, १/१२५ सेकंदानंतर १/२५०. आयएसओ १००, २००, ४०० असा दुपटीने चढतो. तिघांचाही हिशोब निम्मे-दुपटीचाच, हे लक्षात आलं की भीती बरीचशी जाते.

हिशोब जुळतो, फोटो मात्र जुळत नाहीत. एफ/८ आणि १/१२५ घ्या किंवा एफ/२.८ आणि १/१००० घ्या, उजेड तितकाच. पण दुसऱ्यात कारंज्याचे थेंब हवेत थबकलेले आणि मागची झाडं विरघळून गेलेली. मीटरच्या लेखी दोन्ही सारखेच. कुठला हवा, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

आणि त्याला विरोध करायची सोय कॅमेऱ्यातच आहे: अधिक-उण्याची खूण असलेलं ते बारकं बटण. पूर्ण ऑटोत ते बहुतेक वेळा मूग गिळून बसतं. डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आणलं की कामाला लागतं. पांढऱ्याला पांढरं ठेवायचं तर उजेड वाढवायचा, काळ्याला काळं ठेवायचं तर कमी करायचा. ऐकायला उलटं वाटतं. भरपूर उजळ भिंतीवर आणखी उजेड कशाला, असं मनात येतंच. पण दीड-दोन स्टॉप, म्हणजे त्याच निम्मे-दुपटीच्या पायऱ्या, वाढवले, की स्क्रीनवरच्या हिस्टोग्रामचा (फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती, हे दाखवणाऱ्या आलेखाचा) मधोमध उभा असलेला डोंगर उजवीकडे सरकतो.

मिररलेस, म्हणजे बिनआरशाचे, कॅमेरे हा फरक क्लिक करण्याआधीच दाखवतात. सोयीचं आहे, वादच नाही. तरी शिकायला मला आरशावाला कॅमेराच बरा वाटतो. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं दृश्य दिसतं. फोटो किती उजळ येणार याचा अंदाज आपणच मनाशी बांधायचा. शिवाय शटर उघडतं त्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे फोटोत आलेला नेमका क्षण काढणाऱ्याने व्ह्यूफाइंडरमधून पाहिलेलाच नसतो! या यंत्रातली मला सर्वांत आवडणारी गंमत ही.

एक मात्र सांभाळायचं. बऱ्याच मॉडेलांत कॅमेरा बंद केला तरी ते अधिक दोन तसंच राहतं. शून्यावर आणायचं राहून गेलं, की दुसऱ्या दिवशी उन्हात काढलेले सगळे चेहरे पांढरेफटक.