गाडी कोण चालवत होतं? ब्रिटनमधली स्पीडिंगची नोटीस आणि सेक्शन १७२ : माझा अनुभव

ब्रिटनमध्ये स्पीडिंगची नोटीस घरी येते, तेव्हा तिच्यात तुम्ही गाडी जोरात चालवलीत का, हे कोणी विचारत नाही. तो हिशोब कॅमेऱ्याने आधीच उरकलेला असतो. प्रश्न एकच असतो : त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? आणि आम्हाला नेमकं तेच ठाऊक नव्हतं.

पत्राचं पूर्ण नाव 'नोटीस ऑफ इंटेन्डेड प्रॉसिक्युशन', म्हणजे खटला भरण्याचा इरादा कळवणारी नोटीस, पण इथे सगळे एनआयपीच म्हणतात. ते माझ्या नावाने आलं, कारण लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, रजिस्टर्ड कीपर (गाडी ज्याच्या ताब्यात असते तो) म्हणून माझं नाव आहे. लेक डिस्ट्रिक्टहून परतताना मोटरवे तुंबला होता, म्हणून नॅव्हिगेशनने आम्हाला आडवाटेने काढलं, आणि वाटेतल्या कुठल्याशा गावात ३० मैलांच्या हद्दीत आमची गाडी ३७ ने गेली. त्या गावाचं नावसुद्धा मी पहिल्यांदा त्या पत्रातच वाचलं. लांबचा प्रवास आम्ही दोघं आलटून पालटून करतो, विम्यात दोघांची नावं आहेत.

"तू होतीस," मी म्हटलं.

"काहीतरीच काय! पंपानंतर तूच बसलास," बायको म्हणाली.

दोघांनाही आपापल्या परीने पक्की खात्री. मागच्या सीटवरचा साक्षीदार वय वर्षे सहा, आणि तो त्या वेळी झोपलेला.

आधी कायदा सांगतो, कारण मला तो कळेपर्यंत उगाच वेळ गेला. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या सेक्शन १७२ प्रमाणे ड्रायव्हर कोण हे कीपरने २८ दिवसांत कळवायचं असतं. नाही कळवलं तर तो स्वतंत्र गुन्हा : लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट (दंडाचे गुण) आणि १००० पौंडांपर्यंत दंड. मूळ स्पीडिंगच्या फिक्स्ड पेनल्टीला, म्हणजे कोर्टात न जाता भरायच्या ठरावीक दंडाला, ३ पॉइंट आणि १०० पौंड. म्हणजे गप्प बसणं हे वेगमर्यादा तोडण्यापेक्षा नुसत्या पॉइंटांतच दुप्पट महाग. शिवाय त्या गप्प बसण्याचा लायसन्सवर एमएस९० हा कोड पडतो, चार वर्षं राहतो, आणि विमा कंपन्यांना तो साध्या स्पीडिंगपेक्षा जास्त खुपतो. 'स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही' हा मुद्दा काढायचा विचार असेल तर सोडून द्या. तो २००७ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत जाऊन हरून आलेला आहे.

मित्रमंडळींचे सल्ले तर विचारूच नका. एक म्हणाला, फॉर्म भर पण सही करू नकोस. (सही नसलेला फॉर्म म्हणजे उत्तरच दिलं नाही असं धरतात.) दुसरा म्हणाला, दोघांची नावं टाकून दे, त्यांना ठरवू दे. तिसऱ्याचा सल्ला सगळ्यात गोड होता : "वहिनींचं लायसन्स नवं आहे ना? मग तू तुझं नाव टाक, विषय संपला." बायकोने इथली टेस्ट पास होऊन दोन वर्षं झालेली नव्हती. पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं आणि पुन्हा लर्नरपासून सुरुवात. त्यामुळे त्या सल्ल्यात थोडं तथ्य वाटावं अशी सोय होती. पण खात्री नसताना नाव टाकायचं, किंवा दुसऱ्याचे पॉइंट आपल्या अंगावर घ्यायचे, म्हणजे दंडाच्या पावतीवरून थेट तुरुंगाच्या दारात. क्रिस ह्यून हे इथले मंत्री होते. २००३ च्या एका स्पीडिंगचे पॉइंट त्यांच्या तेव्हाच्या पत्नीने स्वतःवर घेतले आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. मी त्या मित्राला एवढंच सांगितलं. तो गप्प झाला, पण मनातून त्याला मी भित्राच वाटलो असणार.

आता मुख्य दुखणं. फोटो.

नोटिशीत एक ओळ असते की ड्रायव्हर ओळखायला मदत व्हावी म्हणून फोटो पाहता येतील. मी म्हटलं झालं, फोटो बघू, चेहरा दिसेल, फॉर्म भरून टाकू. पत्रावरचा रेफरन्स नंबर आणि गाडीचा नंबर साइटवर टाकला. उत्तर आलं : या प्रकरणात फोटो उपलब्ध नाही, कृपया ऑफिसशी संपर्क साधा. त्या भागाच्या पोलिसांचं अशा नोटिसा हाताळणारं जे तिकीट ऑफिस आहे, त्याचा फोन फक्त कामाच्या दिवशी, तोही मोजक्या तासांत. म्हणजे माझ्यासारख्या माणसाने मीटिंगमधून उठून कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं आणि कानाला तीच धून लावून घ्यायची. धून थांबते, आपल्याला वाटतं कोणीतरी उचलला, आणि आवाज येतो, की बरीचशी माहिती आमच्या वेबसाइटवर उपलब्ध आहे. त्या बाईंच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा मला अजूनही राग आहे.

शेवटी माणूस भेटला. बोलणं सभ्य, पण उत्तरं सगळी भिंतीवर आपटून परत येणारी.

"फोटो ड्रायव्हर ओळखण्यासाठी नसतात, सर. ते वेगाचा पुरावा म्हणून असतात."

"पण तुमच्याच पत्रात लिहिलंय, की मदत होऊ शकते."

"होऊ शकते, सर. होईलच असं नाही."

"बरं, आणि तरीही कोण चालवत होतं ते कळलं नाही तर फॉर्मवर काय लिहायचं?"

"आम्हाला कायदेशीर सल्ला देता येत नाही."

"ठीक आहे. फोटो येईपर्यंत २८ दिवसांची मुदत थांबते का?"

"नाही, सर."

हे शेवटचं उत्तर मात्र त्याने झटकन दिलं.

ईमेलवर रीतसर मागणी केली. लगेच उत्तर आलं, अर्थात मशीनचं. मग शांतता. पुन्हा फोन, पुन्हा ती धून. इकडे फ्रिजवर चुंबकाने लावलेला फॉर्म रोज सकाळी दूध काढताना डोळ्यांसमोर. त्या फॉर्मची रचनाही बघण्यासारखी आहे. मी ड्रायव्हर होतो, एक चौकोन. दुसरी व्यक्ती होती, तिचं नाव-पत्ता द्या, दुसरा चौकोन. गाडी विकली होती, तिसरा. 'मला खरोखर माहीत नाही' याला चौकोनच नाही. कायद्यात मात्र त्याला जागा आहे! त्याच सेक्शन १७२ मध्ये लिहिलंय, की ड्रायव्हर कोण हे कीपरला माहीत नव्हतं आणि वाजवी प्रयत्न करूनही कळणं शक्य नव्हतं, असं त्याने दाखवून दिलं तर तो दोषी नाही. पण ते दाखवायचं कीपरने, आणि वेळ आली तर मॅजिस्ट्रेटसमोर. 'आठवत नाही हो' एवढ्यावर भागत नाही. काय काय तपासलं, कधी तपासलं, कोणाला विचारलं, हे सगळं मांडावं लागतं. म्हणून मी एक वही घातली आणि प्रत्येक फोन, प्रत्येक ईमेल तारखेसकट लिहायला लागलो. ज्यांच्या हातात नोटीस आजच पडली आहे त्यांनी ती वही आजच घालावी.

अखेर फोटो आला. दोन होते. दोन्ही मागून काढलेले. रस्त्यावर आखलेले पांढरे पट्टे, पहिल्या फोटोत आमची गाडी एका पट्ट्यावर, दुसऱ्यात थोडी पुढे, आणि मागच्या काचेत रचलेल्या बॅगा, त्यावर मुलाची निळी छत्री. माणूस एकही दिसत नाही. छत्री मात्र इतकी स्वच्छ, की तिच्यावरचा डायनासोर ओळखू यावा. गॅत्सो जातीचा कॅमेरा मागूनच फोटो घेतो, फ्लॅश ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. हे मला नंतर कळलं. हेही कळलं, की ज्यांच्या नावाने तो कॅमेरा आहे ते मॉरिस गॅत्सोनिडीस स्वतः रॅली ड्रायव्हर होते आणि १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्यांनी जिंकली होती. त्यांनी हा कॅमेरा आपण वळणावर किती वेगाने जातो हे मोजायला बनवला होता म्हणे. त्या आठवड्यात मला ही माहिती अजिबात गमतीशीर वाटली नाही.

कॅमेरा मागून फोटो घेणारा आहे हे त्या ऑफिसला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पहिल्याच फोनवर कोणी एवढं एक वाक्य बोललं असतं, तर मी फोटोची वाट बघत मुदतीचा मोठा भाग घालवला नसता. माझा राग आहे तो याचाच. नियम कडक असू देत, पण जे कळणारच नाही त्याची आशा तरी लावू नका.

फोटोचा नाद सोडला तेव्हा खरा शोध सुरू झाला. सगळे सांगतात की गूगलची टाइमलाइन बघा. बघितली. दोघांचे फोन एकाच गाडीत, दोन्ही टाइमलाइन सारख्याच! गाडीत एकटा माणूस असेल तर तिचा उपयोग. पंपावरची पावती दाराच्या खणात सापडली, तिच्यावर वेळही होती, पण पैसे कोणी दिले यावरून स्टिअरिंगवर कोण बसलं हे ठरत नाही. बायकोने व्हॉट्सॲप चाळलं. त्या दुपारी तिच्या फोनवरून एकही मेसेज गेलेला नव्हता, जे तिच्या बाबतीत दुर्मीळ आहे. तिथे मला पहिली शंका आली. तिलाही आली, पण ती बोलली नाही.

निकाल लागला माझ्याच फोनमधल्या एका व्हिडिओने. पावसानंतरचं ऊन, कुंपणापलीकडे मेंढ्या, कोपऱ्यात डावा आरसा. इथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे मी डावीकडे. शेवटच्या क्षणी फोन खाली घेताना कॅमेरा उजवीकडे वळतो आणि स्टिअरिंगवरचा हात दिसतो, मनगटावर तपकिरी पट्ट्याचं घड्याळ. नोटिशीतली वेळ त्याच्यापुढे पाच-सात मिनिटांची. मधे कुठे थांबलो नाही, हे टाइमलाइनवरून दिसतंच होतं. (म्हणजे तिचा एवढा तरी उपयोग झाला.) एक सांभाळा : व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत घेऊ नका, तिच्यात मूळ वेळ राहत नाही. फोनमधली मूळ फाइल उघडून तपशील बघा.

बायकोने व्हिडिओ दोनदा पाहिला. "घड्याळ माझंच आहे," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

पुढचं सगळं सुरळीत. मी दुसऱ्या चौकोनात तिचं नाव लिहिलं, सही केली, फॉर्मचा फोटो काढून ठेवला आणि पोस्टाच्या खिडकीवर प्रूफ ऑफ पोस्टिंग (पत्र पोस्टात टाकल्याचा कागद) मागून घेतलं. ते फुकट मिळतं, आणि 'तुमचा फॉर्म आम्हाला मिळालाच नाही' या उत्तरावर तोच एक इलाज आहे. मग तिच्या नावाने नवी नोटीस आली, तिची मुदत वेगळी. जाता जाता : पहिली नोटीस गुन्ह्यापासून १४ दिवसांत कीपरकडे पोचावी लागते, पण ही अट त्या पहिल्या नोटिशीपुरती. दुसरी महिन्याने आली म्हणून ती उशिरा आली असं म्हणून फेकून देऊ नका. आणि घर बदललं असेल तर लॉगबुकवरचा पत्ता आधी बदला. आमच्या ओळखीतल्या एकाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, त्याला थेट एमएस९० च बघायला मिळाला.

रस्त्यावर ३० ची पाटीच नव्हती, अशी तक्रार बायकोने करून पाहिली. तीही चालत नाही. वेगळी पाटी नसेल आणि दिव्याचे खांब २०० यार्डांच्या आत-आत असतील, तर ती हद्द ३० चीच.

३० च्या हद्दीत ३५ ते ४२ मध्ये सापडलं आणि गेल्या तीन वर्षांत असा कोर्स केलेला नसेल, तर बहुतेक ठिकाणी स्पीड अवेअरनेस कोर्स देऊ करतात. तो केला की पॉइंटही नाहीत आणि दंडही नाही, फक्त कोर्सची फी. तिने तो लॅपटॉपवर घरबसल्या केला आणि तिचं नवं लायसन्स कोरं राहिलं. फी मात्र माझ्या कार्डावरून गेली. पुरावा शोधायची हौस कोणाला होती, असं तिचं म्हणणं.

विमा रिन्यू करताना लक्षात ठेवा, कोर्स म्हणजे कन्व्हिक्शन (गुन्हा शाबीत होणं) नाही, त्यामुळे कन्व्हिक्शनच्या रकान्यात तो येत नाही. पण काही कंपन्या कोर्सबद्दल वेगळा प्रश्न विचारतात. विचारला तर खरं सांगा, आम्ही सांगितलं.